बेटरमेंट चार्जची नोटीस परत पाठवून काय मिळालं?

प्रश्न थोडक्यात असा: आमची एक एकर शेतजमीन टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत गेली आहे. ६० टक्के जमीन प्राधिकरण घेणार, ४० टक्क्यांचा प्लॉट आम्हाला देणार आणि योजनेमुळे जमिनीची किंमत वाढते म्हणून लावलेला बेटरमेंट चार्जही वर आम्हीच भरायचा. गावाचा योजनेला विरोध आहे, तसा ग्रामसभेचा ठराव झालेला आहे. आलेल्या नोटिसा गावाने ठरवून परत पाठवल्या. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. आता पुढच्या महिन्यात लवादाची सुनावणी असल्याचं कळतं. तिथे गेलो तर योजना मान्य केल्यासारखं होईल, असं काही जण म्हणतात. हा कर बेकायदेशीर नाही का? सरळ हायकोर्टात जावं का?

उत्तर: अशी पत्रं नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैनाच्या पट्ट्यातून येतात, पुण्याजवळच्या माण-म्हाळुंगेच्या बाजूने येतात, आणि बहुतेकांचा शेवट हायकोर्टापाशी होतो. तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट अशी आहे, जी बाकीच्यांच्या हातून केव्हाच निसटलेली असते. तुमची लवादासमोरची सुनावणी अजून व्हायची आहे. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रात तेवढंच महत्त्वाचं आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ७२ खाली लवाद नेमला जातो. कोणाला कुठला अंतिम भूखंड, केवढा, कोणत्या आकाराचा, रस्त्याकडेला की आत, हे तो ठरवतो. मूळ जमिनीची किंमत, भरपाई आणि तुमच्याकडून वसूल करायची रक्कम हेही तोच ठरवतो. पुढची दोन कलमं मात्र या दोन प्रकारच्या निर्णयांना सारखं वागवत नाहीत. पैशाचा हिशेब पटला नाही तर कलम ७४ खाली अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. प्लॉट कुठे आणि केवढा, याबाबतचा लवादाचा निर्णय कलम ७३ प्रमाणे अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणजे तुमच्या वाट्याला हायटेन्शन तारांखालचा त्रिकोणी तुकडा आला, तर त्यावर बोलण्याची खरी जागा ही सुनावणीच आहे. गावाचा मान राखण्यासाठी तुम्ही तीच सोडायला निघालाय.

हजर राहिल्याने योजना मान्य केल्यासारखं होत नाही. ही समजूत कोणी पसरवली माहीत नाही, पण तिने बऱ्याच जणांच्या जमिनी वाईट जागी नेऊन टाकल्या आहेत. अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा: "योजनेस असलेला माझा विरोध कायम ठेवून व माझे सर्व हक्क राखून हे म्हणणे सादर करीत आहे." मग मुद्द्यावर या. उलट गैरहजर राहिलात, तर रेकॉर्डवर फक्त 'हजर नाहीत, म्हणणे नाही' एवढीच नोंद उरते आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तीच तुमच्यासमोर ठेवली जाते. सुरतच्या एका योजनेतल्या भाडेकरूचं प्रकरण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. नोटिशीची प्रक्रिया पाळली गेली नाही, अशी त्याची तक्रार होती. पण वेळेवर हरकत न घेता तो गप्प बसला होता, आणि न्यायालयाने त्याला दाद दिली नाही. तुमच्याकडे तर नोटीस आली होती. तुम्ही ती परत केलीत, म्हणजे ती आल्याचा पुरावाही तुम्हीच तयार करून दिलात.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल स्पष्ट लिहितो. राजकीय दबावासाठी तो जरूर वापरा. कायद्याला मात्र बाधित व्यक्तीची लेखी हरकत लागते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यापासून कलम ६७ प्रमाणे त्यासाठी ३० दिवस होते, ते गेले. गावाने दोनशे सह्यांची छापील निवेदनं दिलीही असतील, पण 'आमचा योजनेस तीव्र विरोध आहे' या वाक्यात कुठलाही गट नंबर नसतो, आणि ज्यात गट नंबर नाही त्यावर लवादाला काही करता येत नाही.

आता कराची वैधता. या प्रश्नावर वकिलाची फी खर्च करू नका. गुजरातमधल्या नगररचना योजनांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये शांतिलाल मंगलदास प्रकरणात आणि पुन्हा १९८५ मध्ये प्रकाश अमीचंद शाह प्रकरणात ही पद्धत घटनेला धरून असल्याचं सांगितलं आहे. दोन्ही वेळा घटनापीठ होतं. तिथला वादाचा कायदा १९५४ चा मुंबई नगररचना कायदा होता, आणि आपल्या १९६६ च्या कायद्यातलं नगररचना योजनांचं प्रकरण बरंचसं त्याच घडणीचं आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दुप्पट-चौपट मोबदला का नाही, असंही अनेक जण विचारतात. टीपी स्कीम म्हणजे त्या कायद्याखालचं भूसंपादन नव्हे, एवढंच आज सांगतो. त्यावर नवे युक्तिवाद करता येतील, चालतीलच असं म्हणणार नाही.

भांडायचं ते आकड्यांवर. बेटरमेंट चार्ज हा सरसकट दर नाही. कलम ९८ प्रमाणे आधी तुमच्या प्लॉटचं वाढीव मूल्य काढतात: योजना पूर्ण झाली असं धरून अंतिम भूखंडाची किंमत, वजा सुधारणा नसत्या तर त्याच भूखंडाची असती ती किंमत. दोन्ही किमती धरायच्या त्या योजनेचा इरादा जाहीर झाला त्या तारखेच्या. कलम ९९ प्रमाणे वसुली जास्तीत जास्त या वाढीव मूल्याच्या निम्मी. त्यातून तुमच्या गेलेल्या क्षेत्राची भरपाई वजा होते आणि उरेल ते देणं किंवा येणं.

योजनेच्या मूल्यांकन तक्त्यात तुमच्या नावासमोर एक आडवी ओळ असेल. बहुतेक लोक फक्त शेवटचा रकाना वाचतात आणि संतापतात. तुम्ही मधले वाचा. हिशेबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. मूळ जमीन ४,००० चौरस मीटर, दर १,००० रुपये, किंमत ४० लाख. अंतिम भूखंड १,६०० चौरस मीटर, त्याच अविकसित दराने १६ लाख. फरक २४ लाख, ही तुमची भरपाई. विकसित दर ४,५०० धरला तर तोच भूखंड ७२ लाखांचा. वाढीव मूल्य ५६ लाख, त्याच्या निम्मे २८ लाख. २८ मधून २४ वजा केले की तुमच्याकडे ४ लाख मागतील. आता फक्त अविकसित दर १,००० ऐवजी १,२५० सिद्ध करून दाखवा. मूळ किंमत ५० लाख, अंतिम भूखंड २० लाख, भरपाई ३० लाख. वाढीव मूल्य ५२ लाख, निम्मे २६ लाख. आता प्राधिकरणच तुम्हाला ४ लाख देणं लागतं. योजना तीच, प्लॉट तोच, बदलला तो चौथ्या-पाचव्या रकान्यातला एक दर.

हा दर कशाने सिद्ध होतो? इरादा जाहीर झाला त्या तारखेच्या आसपासच्या, शेजारच्या जमिनींच्या नोंदणीकृत खरेदीखतांनी. तुम्ही पत्रासोबत भावकीतल्या जमिनीचं खरेदीखत जोडलंय. ते गेल्या वर्षीचं आहे, म्हणजे इराद्यानंतरचं. तेव्हा योजनेच्या बातमीनेच भाव चढलेले होते, हे समोरची बाजू पहिल्या मिनिटाला सांगेल. राजपत्रातल्या जाहीरनाम्याची तारीख काढा आणि दुय्यम निबंधकाकडून त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, काढा. इथे आपल्याच लोकांनी केलेलं पाप आडवं येतं, हेही सांगून ठेवतो. खतात रेडीरेकनरपुरता आकडा आणि बाकी रोख, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. लवाद कागदावरचाच आकडा धरणार. म्हणून एका खतावर अवलंबून राहू नका. ज्यात बँकेचं कर्ज घेतलेलं आहे किंवा एखाद्या कंपनीने खरेदी केली आहे, अशी खतं शोधा, त्यांतले आकडे सहसा खऱ्या भावाच्या जवळ असतात. सरकारमान्य मूल्यनिर्धारकाचा अहवालही जोडा, पण तो त्याच तारखेचं मूल्य सांगणारा असला पाहिजे.

विहीर, बोअर, झाडं, शेड यांची भरपाई वेगळी मागावी लागते, आणि मागितली तरच मिळते. फोटो, पंचनामा, सातबाऱ्यावरची नोंद, काय असेल ते लावा. बांधकाम परवानगीच्या वेळी भरायचं विकास शुल्क हे निराळं प्रकरण आहे, ते यात मिसळू नका.

सातबाऱ्याबद्दल मात्र राग येतो. आजोबांना जाऊन किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण वारस नोंद न करता जमीन कसत राहायचं आणि मग 'नोटीस आम्हाला आली नाही' म्हणायचं, हे लवादासमोर टिकणार नाही. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. अंतिम भूखंडही त्याच नावाने किंवा पुढे सगळ्या वारसांच्या नावे सामाईक निघेल. मग तुम्ही, दोन काका आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या एकाच १,६०० चौरस मीटरवर, आणि वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात, जिथे सध्याचा वेग पाहता तुमची मुलं तारखांना जातील. वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागेल. सुनावणीपर्यंत झाला नाही, तर अर्जाची पोच, मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र लवादाकडे दाखल करा. वेगवेगळे भूखंड हवे असतील तर कुटुंबात एकमत करून तशी लेखी विनंतीही आताच करा. ती मान्य होईलच असं नाही, क्षेत्र फार लहान पडत असेल तर नाकारतीलही.

हायकोर्टाचं दार बंद आहे असं मी म्हणत नाही. इराद्याचा जाहीरनामा आणि प्रारूप योजना यांच्यातल्या तारखा जुळवून पाहा, कायद्याने त्याला मुदत घातली आहे. त्यात मोठी चूक सापडली तर रिट याचिकेत मुद्दा होऊ शकतो. पण मुदतवाढीच्याही तरतुदी आहेत, तेव्हा सगळी भिस्त त्यावर टाकू नका. आणि स्थगिती मिळाली नाही तर याचिका दाखल झाली म्हणून इथलं काम थांबत नाही. बोर्डावर नंबर लागेपर्यंत लवादाचा निर्णय होईल आणि प्राथमिक योजना, म्हणजे भूखंडवाटपाचा भाग, शासनाच्या मंजुरीने अंमलात येईल. त्या दिवशी कलम ८८ प्रमाणे योजनेतली सार्वजनिक कामांची जमीन प्राधिकरणाकडे बोजारहित निहित होते, तुमचा मूळ भूखंडावरचा हक्क संपतो आणि अंतिम भूखंडावर सुरू होतो. त्यानंतर कोर्टात जिंकूनही हाती काय राहील, हे मला सांगता येणार नाही.

म्हणून आधी लवादाच्या कार्यालयात जा. परत पाठवलेल्या नोटिशीची प्रत मागा, तक्त्यातली तुमची ओळ आणि अंतिम भूखंडाचा नकाशा यांच्या प्रमाणित प्रती काढा. मोजणी खात्याच्या नकाशाशी क्षेत्र ताडून पाहा, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि योजनेत धरलेलं क्षेत्र यांत फरक असेल तर तो पहिला आक्षेप. लेखी म्हणणं दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सुनावणीला स्वतः उभे राहा आणि रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, तुमची हजेरी व मुद्दे लिहिले गेलेत का, ते तिथेच वाचून मगच सही करा. निर्णयाची प्रत हातात पडेल ती तारीख लिहून ठेवा. पैशाच्या मुद्द्यावर अपील करायचं झालं, तर मुदत निर्णय तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून मोजली जाते. ती नोटीस तरी परत पाठवू नका.