एकट्याने व्यायाम करतो, पण टिकत नाही. लक्ष ठेवायला कुणीतरी हवं का?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला खोली घेऊन राहता, कंपनीच्या पाळ्या बदलत्या, जिमची वेळ जुळत नाही म्हणून खोलीवरच डंबेल्स आणि जमेल तेव्हा धावणं. सुरुवात दणक्यात होते, मग हळूहळू सुटतं. सोबत कुणी नाही म्हणून असं होतं, असं तुम्हाला वाटतं.

मला विचाराल तर व्यायामाच्या वेळी शेजारी कुणी नसलं तरी फारसं अडत नाही. नंतर विचारणारा मात्र एक हवा, आणि त्यालाही आपण विचारायला हवं. मी डिचोलीत, माझा व्यायामाचा जोडीदार काणकोणात, म्हणजे गोव्याची दोन टोकं. प्रत्यक्ष भेट झाली तर कुणाच्या तरी लग्नात. तरी आमचं अनेक वर्षं व्यवस्थित चाललंय.

रात्री जेवणाआधी एक ओळ जाते: ‘स्क्वॉट ४० किलो, ८ चे ३ सेट, शेवटचा ६ वर सुटला. झोप कमी.’ तिकडून येतं: ‘गुरुवारी ४०च ठेव. मी ५ किमी, पावसात.’ संपलं. शाबासकी नाही, दंड फुगवलेले इमोजी नाहीत. व्यायाम झाला नसेल तर ‘नाही झाला’ एवढंच लिहायचं. कारण लिहायची मुभा ठेवली की माणूस व्यायामापेक्षा कारणांत तरबेज होतो. रात्री ओळ आलीच नाही, तर सकाळी दुसऱ्याने फोन करायचा. एवढा एक नियम आम्ही कडक पाळतो.

मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या नादी लागू नका. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं. १९१३ साली ते छापून आलं. दोराला हात लावणारे वाढले की दर माणशी जोर कमी पडत गेला. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये तुम्ही आठवडाभर गप्प राहिलात तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि हे तुम्हालाही ठाऊक असतं.

याच्या उलटंही घडतं. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो कोलर या मानसशास्त्रज्ञाने नौकानयन करणाऱ्या गड्यांना वजनाचा दांडा उचलायला लावला, आधी एकेकट्याला, मग जोडीने. जोडीचा दांडा असा जड, की एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही थांबावंच लागे. तिथे कमी ताकदीचा गडी एकट्याने टिकायचा त्याहून जास्त वेळ टिकला. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. वास्कोच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं. पुढचे येऊन उभे राहीपर्यंत आधीच्यांना टाळ खाली ठेवता येत नाही. पहाटे घसा बसलेला असला तरी माणूस गातो, कारण खंड आपल्यामुळे पडायला नको.

कोलर यांच्या प्रयोगातली अजून एक गोष्ट कामाची आहे. जोडीत ताकदीचा फरक मध्यम होता तेव्हा परिणाम सर्वांत चांगला दिसला. दोघे अगदी सारखे किंवा फारच विजोड असले की तो ओसरला. म्हणून जोडीदार आपल्यापेक्षा थोडाच पुढचा बघा. पणजीच्या मिरामारला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत होते: १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं. तिची तयारी करणारा कुणी भेटला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याच्या रविवारपुढे आपले ३ किमी लिहायला लाज वाटते, आणि मग ओळच बंद होते.

घरचं माणूस तर नकोच. आई म्हणणार, दमलास, आज राहू दे. बायको विचारणार आणि त्यावरून भांडण होणार.

‘आजपासून सुरू’ असं स्टेटस टाकायचाही मोह आवरा. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्यांचा अभ्यासाचा लिहिलेला संकल्प दुसऱ्याने वाचला, त्यांनी पुढे काम कमी केलं. ज्यांचा कुणी पाहिला नाही, त्यांनी जास्त. संकल्प आपल्यापाशी ठेवावा, जोडीदाराला फक्त झालेलं कळवावं.

गणेश चवथीचं आधीच बोलून ठेवा. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी, घरोघरच्या आरत्या, नेवऱ्या, यात पूर्ण वेळापत्रक रेटायचा हट्ट हमखास मोडतो आणि त्याबरोबर सगळंच सुटतं. आमचं ठरलेलं आहे, त्या दिवसांत १२ सूर्यनमस्कार आणि ओळ.

दुसरी पाळी संपवून काळोखात धावायला निघत असाल तर निघण्याआधी रस्ता आणि परतायची वेळ कळवा. परतल्यावर पुन्हा एक मेसेज. पोहणं मात्र एकट्याने समुद्रात नकोच, पावसाळ्यात तर मुळीच नको. तिथे काणकोणात बसलेला मित्र काय करणार?

जोडीदार शोधायला लांब जायची गरज नाही. तुमच्याच कंपनीत दुसऱ्या पाळीत असा एखादा असेलच. कँटीनमध्ये विचारून बघा. महिनाभर करून पाहायचं म्हणा, कायमचं काही ठरवू नका. तो तुमची ओळ वाचतोय पण स्वतःची पाठवत नाही असं दिसलं, तर तेवढ्यावरच थांबा आणि दुसरा बघा.