नैरोबीच्या सेवेसाठी निघणाऱ्या दादा-वहिनींना

दादा, वहिनी, सलाम. निवृत्तीनंतर पुण्यातील घर सोडून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेसाठी नैरोबीला जाण्याचा आपला निर्णय ऐकून फार आनंद झाला. आम्ही दोघे तेथे राहून आलो असल्याने काही गोष्टी आग्रहाने सांगतो.

प्रथम पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचे पाहा. केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होते. मात्र साठी ओलांडलेल्यांना या लसीचा धोका थोडा अधिक असल्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नका. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला तेथून कसा द्यायचा, हे बँकेत आताच विचारून ठेवा. शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने जुलैत स्वेटर लागतो. तूरडाळीची चिंता नको, पार्कलँड्स भागात ती सहज मिळते.

खरी कसोटी वेगळीच आहे. इथे मंडळीत आपला शब्द मानला जातो, तिथे मात्र स्थानिक पाळकांच्या हाताखाली, त्यांच्या पद्धतीने काम करावे लागेल, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. दादा सभांना जातील आणि वहिनी दिवसभर घरात एकट्या राहतील, अशी व्यवस्था कदापि स्वीकारू नका. त्यांचे स्वतंत्र काम, मग ते शिवणवर्ग असो वा रुग्णभेटी, जाण्यापूर्वीच ठरवून घ्या. स्वाहिलीचे शिक्षणही दोघांनी मिळून घ्यावे.

नातवंडांशी बोलण्यासाठी तेथील सायंकाळचे साडेपाच सोयीचे, कारण तेव्हा पुण्यात आठ वाजलेले असतात.