बेरियम श्वासनलिकेत गेलं तर

गिळण्याच्या एक्स-रे तपासणीत पेशंटला बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव, पाजतात. ते चुकून श्वासनलिकेत गेलं आणि स्क्रीनवर तिची कड पांढऱ्या रेघेने आखल्यासारखी दिसली की पुढचा घोट द्यायचा नाही. पेशंट आडवा असेल तर बसता कर, पुढे वाकव, मनसोक्त खोकू दे. पाणी अजिबात पाजू नकोस; नातेवाईक हमखास ग्लास पुढे करतात. बोटाला ऑक्सिमीटर लाव, डॉक्टरांना हाक मार. सक्शन (घशातलं ओढून काढायचं यंत्र) चालतंय का हे तपासणी सुरू करण्याआधीच बघितलेलं असावं, ऐनवेळी नव्हे. मग छातीचा एक्स-रे.

थोडंसं बेरियम गेलं तर सहसा फार बिघडत नाही, खोकल्यातून बरंचसं निघतं. उरलेलं पुढच्या फोटोंतही दिसत राहू शकतं, म्हणून रिपोर्टात नोंद हवीच. गॅस्ट्रोग्राफिनचं (बेरियमऐवजी कधी देतात ते आयोडीनयुक्त द्रव) तसं नाही. ते फुप्फुसात पाणी ओढून घेतं आणि माणूस बघता बघता अत्यवस्थ होऊ शकतो. गिळताना ठसका लागतो असं कुणी सांगितलं, तर आयोहेक्सॉलसारखं नॉन-आयोनिक, म्हणजे फुप्फुसाला कमी त्रास देणारं द्रव द्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचार.

आणि खोकला नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. पक्षाघात झालेल्यांना कधी कधी ठसकाच लागत नाही. त्यांना पहिला घोट चमचाभरच, बाजूने बघत, नजर स्क्रीनवर.