‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

मावशी, सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय 39. माझे मिस्टर दोन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीने नगरला जायचो. आमच्या चर्चच्या मंडळीने साखळी प्रार्थना (आळीपाळीने अखंड प्रार्थना) केली, उपास केले. मार्चमध्ये ते गेले. नंतर महिला सभेत एक भगिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘कुठेतरी विश्वास कमी पडला.’ तेव्हापासून मला प्रार्थनाच करता येत नाही. डोळे मिटले की त्या मशीनचा आवाज कानात येतो. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की रडू फुटतं आणि लोक म्हणतात, ‘रडू नका, ते प्रभूजवळ आहेत.’ मुलगा दहावीत आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. बहीण म्हणते, गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. येशूने देऊ केलेली शांती मलाच का मिळत नाही?

प्रिय मुली,

तुझे मिस्टर किडन्या निकामी झाल्या म्हणून गेले. तुझा विश्वास कमी पडला म्हणून नाही. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, एवढं आधी मनात पक्कं कर.

धरून नेण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूने देवाला विनवणी केली की हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळून जावो. तो टळला नाही. येशूचा प्रेषित पौल याने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सलणाऱ्या दुखण्यासाठी, प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर आलं. त्या दोघांचा विश्वास कमी पडला, असं तुमच्या महिला सभेत कुणी म्हणेल का? आणि जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं ना, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. दुःखी माणसाच्या दारात दोषाचा हिशोब मांडायची सवय तेव्हाही होती आणि त्याला ती मान्य नव्हती. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

आता शांतीचं. ‘मी आपली शांती तुम्हांला देतो’ हे येशूचं वचन आपल्याकडे कॅलेंडरवर, दारावर, लग्नपत्रिकेवर असतं. ते कधी उच्चारलं गेलं ते मात्र आपण विसरतो. ती त्याला धरून नेण्याची रात्र होती. आणि त्याच रात्री, बागेत गेल्यावर, तोच येशू म्हणतो की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. एकच माणूस, एकच रात्र. त्याने जी शांती दिली ती अशी होती, मुली. तिच्यात खिन्नतेला जागा आहे. रडू थांबलं की शांती येईल असं समजून तू वाट बघत बसली आहेस, पण रडतानाही ती असू शकते. लोक ‘रडू नका’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात काय असतं ते मला कळतं. पण आपला मित्र लाजर मेल्यावर त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला, आणि तेही लाजराला उठवणार हे ठाऊक असताना.

प्रार्थना येत नाही म्हणतेस. पण ‘मलाच का मिळत नाही’ हा प्रश्न तू मला विचारलास, तोच त्याला विचार. लाजराची बहीण मार्था हिने येशूला तोंडावर सांगितलं होतं, प्रभुजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तिला कुणी गप्प केलं नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं अशी गाऱ्हाण्याची आहेत, आणि आपण उपासनेत ती फारशी वाचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेरावं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे, ‘कोठवर?’ असा धोशा लावणारं. ते रात्री मोठ्याने वाच. तेही जड वाटलं तर अठ्ठ्याऐंशीवं वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. शेवटी ओढूनताणून स्तुती जोडायची गरज नाही. आणि एखाद्या रात्री तेवढंही जमलं नाही, तर तुमच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला सांग, ‘माझ्या वाटची प्रार्थना तुम्ही करा.’ मंडळी असते ती याचसाठी.

आपल्या मातीतलं एक नाव सांगते. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षंही होत नाहीत तोच 1882 मध्ये पती. ख्रिस्ताचा स्वीकार त्यांनी त्यानंतर, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये केला. म्हणून पुढे दुःख टळलं का? 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम आणि बायबलचं भाषांतर त्यांनी तरी सोडलं नाही. त्यांच्यासारखी खंबीर हो, असं मी तुला सांगत नाही. ते ओझं तुझ्यावर नको. मोठ्या विश्वासाच्या घरातही मरण येतं, एवढंच सांगायचं होतं.

त्या भगिनीशी वाद घालत बसू नकोस. पाळकबाईंना एकटीने भेट आणि ते वाक्य तुला किती लागलं ते जसंच्या तसं सांग. सभेत यापुढे असं कुणाला बोललं जाणार नाही हे बघणं त्यांचं काम आहे. रविवारी मागच्या बाकावर बस, गाणं सोसवलं नाही तर बाहेर ये. प्रभुभोजनाला, त्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, मन थंड वाटलं तरी जा, तिथे भावनांची परीक्षा नसते. आणि मुलासमोर रड. तो दहावीचा अभ्यास करतोय खरा, पण त्याचेही वडील गेले आहेत. आई रडत नाही म्हटल्यावर तोही रडणार नाही.

राहिली बहीण. तिला बायबलातली एलीयाची गोष्ट वाचायला दे, ‘पहिले राजे’ या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एका झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. शरीर थकलं की देव आधी शरीराचं बघतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, तेही तिला दाखव. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. सुस्ती येत असेल किंवा भीती वाटत असेल तर डॉक्टरांनाच विचार. आणि जगूच नये असं कधी वाटलं, तर रात्र सरायची वाट न बघता 14416 वर फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर मुलाच्या मोबाइलमध्येही घालून ठेव.

तुझी मावशी