पांढऱ्या ठिपक्याने घाबरू नकोस, पण फीटल इको लांबवू नकोस

विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीत, तुझ्या बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका दिसला, डॉक्टरांनी फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी सांगितलीय आणि सासूबाई म्हणतात, सारखी सोनोग्राफी बरी नव्हे. त्यांना सांग, यात क्ष-किरण नसतात, नुसत्या ध्वनिलहरी असतात. डॉक्टरांनी गरज पाहून सांगितलेल्या सोनोग्राफीने बाळाला अपाय होत नाही.

हृदयातल्या छोट्या स्नायूत थोडं कॅल्शियम साचलं की तो भाग पडद्यावर हाडासारखा चमकतो. बाकी सगळं नीट असेल तर तो हृदयाचा दोष नाही. फक्त डबल मार्करचा, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत ने. डाउन सिंड्रोमची शक्यता बघताना डॉक्टर दोन्ही एकत्र विचारात घेतात.

मला आधीपासून डायबिटीस, म्हणून माझ्या वेळीही फीटल इको झाला. लेकीच्या हृदयाचे चारही कप्पे छान दिसत होते. मग डॉक्टरांनी पोटावरून फिरवायचा प्रोब किंचित बाळाच्या डोक्याकडे सरकवला आणि त्या तिथेच थांबल्या. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात, तिच्या समांतर जात होत्या. म्हणजे दोघींच्या जागांची अदलाबदल, या दोषाला डॉक्टर टीजीए म्हणतात. पोटात असेपर्यंत अशा बाळाचं काही अडत नाही, ऑक्सिजन वारेतून मिळतो. जन्मल्यावर मात्र शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परत फिरत राहतं आणि बाळ निळं पडतं. आधी कळलं म्हणून लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं अशाच हॉस्पिटलात बाळंतपण ठरवलं. जन्मताच प्रोस्टाग्लँडिनचं, म्हणजे जन्मानंतर मिटणारी हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषधाचं, ड्रिप लागलं, पुढे ऑपरेशन झालं. आता शाळेत जाते, धावते, भांडते.

म्हणून म्हणते, याच आठवड्यात जा. 18 ते 24 आठवडे हा चांगला काळ, नंतर बाळाच्या हाडांच्या सावल्या आड येतात. शिवाय काही गंभीर निघालं तर निर्णयाला वेळ हवा. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपुढचा गर्भपात मेडिकल बोर्डाकडे जातो. बाळ पालथं असलं तर थोडं फिरून यायला सांगतात, त्याने धसका घेऊ नकोस.

सगळंच दिसतं असंही नाही. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं बारीक छिद्र सुटू शकतं, म्हणून जन्मानंतर बाळाचं हृदय डॉक्टरांकडून तपासून घे आणि ऑक्सिजनही मोजून घे. आणि रिपोर्टमध्ये 'आउटफ्लो ट्रॅक्ट', म्हणजे हृदयातून त्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात तो भाग, ही ओळ स्वतः वाच. तिथे 'नीट दिसले नाही' असं असेल तर पुन्हा कधी येऊ, हे विचारूनच बाहेर पड.