आधी एकच साधन, पण पक्कं

मॅडम, शिकवताना कोणती डिजिटल साधनं वापरावीत असं तुम्ही विचारलंत. पहिल्याच महिन्यात दहा-दहा साधनं वर्गात आणू नका. एकच घ्या आणि आधी घरी स्वतः हाताळून बघा.

मी गोदावरी शिकवते तेव्हा गूगल अर्थ (Google Earth), म्हणजे पृथ्वीचा उपग्रह-नकाशा, उघडते. ब्रह्मगिरीपासून सुरुवात, मग गंगापूर धरण, नाशिकचं रामकुंड. माउस मात्र मुलांच्या हातात. रामकुंड दिसलं की अख्खा वर्ग पुढे सरकतो, प्रत्येकाला आपलं घर शोधायचं असतं. शोधू द्या, पाच मिनिटं गेली तर गेली! मग विचारा, अरबी समुद्र एवढा जवळ असताना नदी पूर्वेला का गेली? दृश्य तिरकं करून सह्याद्रीचा उतार दाखवा, उत्तर मुलंच देतील.

विज्ञानाचा तास असेल तर विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) घ्या, त्यात स्क्रीनवरच प्रयोग करता येतात. ते मोफत आहे. फाइल आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, नेट ऐन तासाला जातं. एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, दुसरा बल्ब लावला तर पहिला मंद होईल का? अंदाज आधी वहीत लिहून घ्या, मगच स्क्रीनला हात लावू द्या. ही पायरी गाळली की मुलं नुसती खेळत बसतात. नंतर खरा सेल, वायर आणि बल्ब त्यांच्या हातात द्याच.