नोकरी सांभाळून रस्त्यावर फूड ट्रक लावायचा आहे, महापालिकेचा परवाना कसा मिळेल?

आधी ‘नोकरी सांभाळून’ हे शब्द खोडा. तिथेच तुमचा अर्ज संपतो.

2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्री प्रमाणपत्र देण्याआधी हमी घेतात: धंदा मी स्वतः किंवा घरचं माणूस करील, पोटापाण्याचं दुसरं साधन मला नाही, आणि हे प्रमाणपत्र मी कुणाला भाड्यानेसुद्धा देणार नाही. कलम 5. मला पाठ आहे, कारण त्यावरून आमच्या घरात दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या.

आईची इडली-वड्याची हातगाडी आहे. महापालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणात नाव लागलं, प्रमाणपत्र मिळालं. ते तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. दाजी नोकरीला. त्यांनी कर्ज काढून जुना टेम्पो घेतला, बाजू कापून खिडकी काढली, वर दिव्यांची पाटी लावली आणि आईला म्हणाले, “तुमचा कागद आहेच की. गाडी बंद करा, त्या जागी ट्रक लावू. महिन्याचे पैसे घरपोच.” जावयाला तोंडावर नाही कोण म्हणणार? आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी गाडी ढकलत जागेवर जाऊन उभी राहिली.

मग दाजींनी ट्रक तीस पावलं पुढे लावला, कागदाशिवाय. “सगळे असेच लावतात,” म्हणाले. तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात अतिक्रमणवाले आले. क्रेनने पुढची चाकं उचलली तसं आतलं पातेलं कलंडलं आणि मागच्या दारातून इडलीचं पीठ गळत गेलं, चौकापर्यंत पांढरी रेघ. तीच माणसं नंतर आईकडे आली. तिने गल्ल्याचं झाकण उघडून दाखवलं. साहेबांनी वाचलं, गाडी जरा मागे घ्यायला सांगितली आणि गेले.

संध्याकाळी महापालिकेच्या जप्तीच्या गोदामात दाजींनी मोबाइलवर तोच कायदा काढला. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत द्यायचा, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत, हे त्यात खरंच आहे. कारकून म्हणाला, “ते फेरीवाल्यांना. तुमचं वाहन आहे, आधी आरटीओचा कागद आणा.” आणि आरसी बुकात तो अजून साधा मालवाहू टेम्पोच होता! ट्रक सुटायला अकरा दिवस लागले.

कारकुनाचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. कायद्यात ‘फूड ट्रक’ हा शब्दच नाही, त्यामुळे जो तो आपल्या सोयीचा अर्थ लावतो. पण जागा मुळातच मोजक्या. शहराच्या किंवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच विक्रेते सामावून घ्यायचे, आणि सर्वेक्षण निदान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं, तेही वेळेवर होत नाही. वर्षानुवर्षं उन्हात उभे असलेलेच त्यात मावत नाहीत. तिथे पगारदार माणसाने ट्रक घुसवायचा आणि वर ‘स्टार्टअपला जागा नाही’ म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर रस्ता सोडा, एखादं खासगी आवार भाड्याने बघा. टेम्पोला हात लावण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या (मोटार वाहन कायदा, कलम 52), कापल्यावर नाही. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी करा. घरचा लाल सिलिंडर आत ठेवू नका, व्यावसायिकच घ्या, आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी असू द्या. हो, हे सगळं मी हातगाडीवालीचा मुलगा म्हणून बोलतोय, तेवढं वजा करून वाचा. एखाद्या महापालिकेने ट्रकसाठी वेगळी जागा काढली असेलही, परवाना विभागात एक चक्कर मारा.

दाजी अजून म्हणतात, आईने कागद दिला असता तर दोघांचंही भलं झालं असतं. दिला असता तर त्या दिवशी ट्रकबरोबर कागदही गेला असता, हे त्यांना कोणी सांगायचं? आता ट्रक एका खासगी आवारात असतो, ताई चालवते. पीठ आईकडूनच जातं. रोखीने.